मंत्र, जादू आणि नाम

कीर्तन आटोपले, आरती झाली, की बुक्का लावून घेण्यासाठी मंडळी जवळ येतात. त्यांत एखादा तरी मागे रेंगाळतो आणि बाकीचे पांगले म्हणजे हळूच म्हणतो, "महाराज, एखादा मंत्र सांगा ना." कशासाठी म्हणून विचारावे, तर कोणाची म्हैस आटलेली असते, कोणाच्या मुलीचे लग्न ठरत नसते, कोणाचा जमिनीचा दावा दहा वर्षे कोर्टात पडलेला असतो. "रामकृष्णहरी म्हणा," असे सांगितले की त्याचा चेहरा उतरतो. "ते तर आम्ही रोजच म्हणतो हो. मंत्र पाहिजे, मंत्र!"

हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. नाम हा शब्दच, मंत्र हाही शब्दच, आणि मांत्रिक जे पुटपुटतो तेही शब्दच. मग एकाला आपण भक्ती म्हणतो, दुसऱ्याला शास्त्र म्हणतो आणि तिसऱ्याला जादूटोणा म्हणतो, ते कोणत्या आधारावर? कॉलेजात शिकणारी मुले तर सरळ म्हणतात की तिन्ही सारखेच. तोंडाने काही बोलले म्हणजे बाहेरचे जग बदलते, ही जुन्या लोकांची समजूत. त्यांच्यावर नुसते रागावून भागत नाही. म्हणून आज या शब्दांची कुळकथा पाहू. माणसाची परीक्षा कुळावरून करू नये असे संतांनी आपल्याला शिकवले. पण शब्दाचे कूळ पाहिले म्हणजे तो कोणाकोणाच्या घरी राबला ते कळते.

प्रथम 'जादू' हाच शब्द घ्या. हा फारसीतून आपल्याकडे आला. पण फारसीत तो कोठून आला? पारशी लोकांचा धर्मग्रंथ जो अवेस्ता, त्यात 'यातु' असा शब्द आहे. अभिचार आणि अभिचार करणारा, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. इराणातल्या इराणात त्या 'य'चा 'ज' होऊन जादू शब्द तयार झाला. आणि यातु हा शब्द तर आपल्या ऋग्वेदातही आहे! यातुधान म्हणजे यातु करणारा, राक्षसांचा सोबती. तेव्हा ज्याला आपण परका समजतो तो आपल्याच चुलत घराण्यातला निघाला. हजारो वर्षे परमुलखात राहून, वेष पालटून तो परत आला आणि आपण त्याला ओळखले नाही. 'य'चा 'ज' करायला आपणही काही कमी नाही. यात्रेची जत्रा आपल्याच लोकांनी केली.

या दोन घराण्यांचे भांडण मोठे विलक्षण आहे. आपण ज्यांना देव म्हणतो, तोच शब्द अवेस्तात 'दएव' होऊन दैत्याचा वाचक झाला; फारसीतला 'दीव' म्हणजे राक्षस. आपण असुर म्हणून ज्यांना हिणवतो, त्या शब्दाचे तिकडे 'अहुर' झाले आणि अहुरमज्द हे परमेश्वराचे नाव ठरले. आपल्याकडेही असुर शब्द मुळात वाईट नव्हता. ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटले आहे ते गौरवाने. उलट आपला इंद्र आणि आपले नासत्य त्यांच्या वेंदिदादमध्ये दैत्यांच्या यादीत जाऊन बसले आहेत. एकाचा देव तो दुसऱ्याचा राक्षस, इथपर्यंत वितुष्ट गेले.

आणि तरी दोन गोष्टींवर दोघांचे एकमत राहिले. मंत्र हा शब्द दोन्ही घरी पवित्र राहिला. अवेस्तात त्याचे रूप 'मांथ्र'. वेंदिदादमध्ये तीन तऱ्हेचे वैद्य सांगितले आहेत. एक शस्त्राने बरे करणारा, दुसरा वनस्पतींनी आणि तिसरा मांथ्राने. आणि तिसऱ्याला श्रेष्ठ मानले आहे. तसाच यातु दोन्ही घरी निंद्य राहिला. देव कोणता यावर भांडणारे लोक, जादू वाईट यावर भांडले नाहीत.

म्हणजे मंत्र चांगला आणि यातु वाईट, झाले, विषय संपला! तसे झाले असते तर बरे होते. पण अथर्ववेद उघडला की अडचण येते. त्याचे जुने नाव अथर्वाङ्गिरस. परंपरा असे सांगते की त्यातले अथर्वणांचे मंत्र शांतीचे आणि पुष्टीचे, ताप उतरवण्याचे, घर सुखी करण्याचे. आणि आंगिरसांचे मंत्र घोर, शत्रूवर चालवण्याचे. दोन्ही मंत्रच, आणि एकाच संहितेत. कोणी 'कृत्या' पाठवली तर ती पाठवणाऱ्यावर उलटवण्याची सूक्तेही त्यात आहेत. कृत्या शब्द 'कृ' धातूवरून आला. जी केली जाते ती. खेड्यात आपण 'करणी' म्हणतो तो हाच धातू आणि हाच अर्थ. "त्याच्यावर कुणीतरी केलंय," असे आजही म्हणतात. काय केले ते मात्र कोणी उच्चारीत नाही. एवढ्या काळात भाषा बदलली, भीती तशीच राहिली.

तेव्हा मंत्र आणि जादू यांतला भेद शब्दावर लिहिलेला नाही. मग तो कोठे आहे?

निरुक्तकार यास्काचार्य मंत्र हा शब्द मननावरून लावतात. ज्याचे मनन करायचे तो मंत्र. पण त्याच निरुक्तात त्यांनी कौत्स नावाचा एक पूर्वपक्षी उभा केला आहे. तो म्हणतो, मंत्रांना अर्थच नाही. कारण मंत्रातला एक शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घातलेला चालत नाही, शब्दांचा क्रमही बदललेला चालत नाही. व्यवहारात 'पाणी आण' काय आणि 'आण पाणी' काय, तांब्या येतोच. मंत्रात तसे नाही, तेव्हा तेथे अर्थाला काम नाही. यास्काचार्यांनी त्याला उत्तर दिले की आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे. पाठशाळेत हा भाग आला तेव्हा आम्ही मुले कौत्साला खूप हसलो होतो. पण पुढे वाटू लागले, कौत्साच्या बोलण्यात एक धडा आहे. शब्दातला अर्थ काढून घेतला, मनन सोडले, आणि उरलेला नुसता आवाज कामाला जुंपला, म्हणजे जे उरते त्यालाच तर लोक जादू म्हणतात. मांत्रिकाच्या शब्दांचा अर्थ कोणी विचारतो काय? अर्थ कळू लागला तर त्याचा भावच उतरेल.

त्वष्ट्याची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. इंद्राने त्याच्या विश्वरूप नावाच्या मुलाला मारले. सूड घेण्यासाठी त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून होम केला. मंत्रात 'इन्द्रशत्रु' हा समास होता. शेवटच्या अक्षरावर स्वर दिला तर अर्थ होतो 'इंद्राला मारणारा'. पहिल्या अक्षरावर दिला तर होतो 'इंद्र ज्याला मारणारा आहे तो'. स्वर चुकला. वृत्र जन्माला आला तो इंद्राच्या हातून मरण्यासाठीच. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच हे उदाहरण दिले आहे, व्याकरण का शिकावे हे सांगण्यासाठी. वैयाकरणाला तो धडा पुरेसा आहे. कीर्तनकाराला आणखी एक दिसतो. ज्या शब्दाला आपण दुसऱ्याच्या नाशाला पाठवतो, तो शब्द किती बारीक दोऱ्यावर चालतो! स्वर चुकता कामा नये, वेळ चुकता कामा नये, दिशा, आसन, अधिकार, काही चुकता कामा नये. जेथे बळजबरी आहे तेथे चूक माफ नाही. आईला हाक मारताना मुलाचा उच्चार बोबडा झाला, म्हणून आई दुसऱ्याच्या घरी गेली, असे कधी झाले आहे काय?

आणखी एक गोष्ट. मंत्र शब्दाचा दुसरा अर्थ गुप्त मसलत. राजाचा मंत्री, मंत्रणा, हे शब्द त्यातूनच आले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मंत्र कसा राखावा, तो फुटू नये म्हणून काय करावे, याची मोठी चर्चा आहे. उपासनेतल्या मंत्रालाही हा गुप्तपणा चिकटला. कानात सांगायचा, बाहेर काढायचा नाही. रामानुजाचार्यांची कथा प्रसिद्ध आहे. गोष्ठीपूर्णांनी त्यांना मंत्र दिला आणि तो फोडशील तर नरकात जाशील असे बजावले. रामानुजांनी देवळावर चढून तो सर्वांना ऐकवला. एवढे लोक तरत असतील तर मी एकटा नरकात जायला तयार आहे, असे त्यांचे म्हणणे. आमच्या तुकोबांना माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, स्वप्नात बाबाजींनी मंत्र दिला. तो त्यांनी काय केला? अभंगात घालून टाकला! तीन नावे, उघडी, बाजारात ऐकू यावीत अशी. गुरुमंत्र गाथेत छापलेला सापडतो, असा संप्रदाय आपला. म्हणून आरंभी सांगितलेल्या त्या गृहस्थाचा चेहरा उतरतो. जे सर्वांना मिळते ते त्याला नको असते. शेजाऱ्याला न मिळणारे काहीतरी हवे असते.

येथे पूर्वपक्ष करणारा उठून उभा राहील. म्हणेल, बुवा, फार बोललात. तुमचा अजामिळ काय करतो? जन्मभर पाप केले, मरताना यमदूत पाहून घाबरला, धाकट्या मुलाला 'नारायण' म्हणून हाक मारली आणि सुटला. मनात देव नाही, अर्थ नाही, मनन नाही, नुसते अक्षर. याहून मोठी जादू कोणती? त्यातून भागवतात विष्णुदूतांचे बोलणे तर सरळच आहे. विस्तव जाणून लावा की नकळत लागो, लाकूड जळतेच, औषधाचा गुण ठाऊक नसला तरी पोटात गेले की काम करतेच, तसे नाम.

हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून पुष्कळ कीर्तने होतात. अजामिळाचे आख्यान विष्णुदूतांनी पाश तोडले येथे थांबवतात, टाळ्या पडतात, विठ्ठल विठ्ठल होते, आणि श्रोता घरी जाताना हिशेब करतो की शेवटी एकदा म्हटले म्हणजे झाले. पण सहाव्या स्कंधाचा दुसरा अध्याय पुढे वाचावा. विष्णुदूत अजामिळाला घेऊन गेले नाहीत. ते गुप्त झाले आणि तो तेथेच उरला, जिवंत. मग त्याला आपले आयुष्य दिसले. आई-बाप टाकले, पत्नी टाकली, लोकांना लुबाडले, ते सगळे आठवून तो तळमळला. नंतर घरदार सोडून गंगाद्वारी गेला, तेथे देवालयात बसून त्याने इंद्रिये आवरली, मन लावले. आणि त्यानंतर तेच दूत पुन्हा आले तेव्हा गंगेच्या काठी त्याने देह ठेवला. नामाने त्याला वैकुंठ दिले नाही, अवधी दिला. शिक्षा पुढे ढकलली गेली आणि मधल्या वेळात तो माणूस बदलला. जादूत माणूस बदलावा लागत नाही. मारण, मोहन, वशीकरण, काहीही करा, करणारा जसाच्या तसा राहतो आणि बाकीच्या जगाने त्याच्याप्रमाणे वळायचे असते. आमचा भेद येथे आहे. विस्तवाची उपमा विष्णुदूतांची आहे हे मान्य. पण विस्तवाने लाकूड जळते, लाकूड जसेच्या तसे राहून घर उबदार होत नाही.

हा भेद सुटला म्हणजे चांगल्या शब्दांचीही काय गत होते ते पाहा. नारदांना देवर्षी म्हणतात. आम्ही कीर्तनकार ज्या गादीवर उभे राहतो ती नारदांची. आणि खेड्यात 'देवऋषी' कोणाला म्हणतात? जो अंगात आणून भूत काढतो, लिंबू-नारळ मागतो, त्याला. भक्त या शब्दाचे भगत झाले; ठाणे-पालघरकडे वारली वस्तीत भगत म्हणजे झाडपाला देणारा आणि भुताखेतांचा इलाज करणारा. त्यातल्या कित्येकांना वनस्पतींचे ज्ञान चांगले असते, त्यांची येथे निंदा नाही. पण शब्दाचा प्रवास पाहा. गळ्यातला ताईत अरबी तावीजावरून आला, आणि त्या शब्दाचा धातू 'आश्रय मागणे' या अर्थाचा आहे. म्हणजे मुळात ती शरणागती! शरण जायचे होते ते राहिले, चांदीची पेटी तेवढी गळ्यात राहिली.

उलट वाटेनेही शब्द जातात. इराणातले जे पुरोहित त्यांना 'मगु' म्हणत. ग्रीक लोकांनी त्यांना 'मागोस' म्हटले आणि परक्यांचे विधी कळत नसल्यामुळे त्या शब्दाला ठकबाज असा वास लागला. इंग्रजीतले मॅजिक त्यातूनच निघाले. पण ख्रिस्ती शुभवर्तमानात तारा पाहून बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेचे ज्ञाते, त्यांनाही तोच शब्द आहे आणि तेथे तो आदराचा आहे. आणि आपल्याकडे? श्रीकृष्णाचा पुत्र सांब याला कुष्ठ झाले, सूर्योपासनेने ते गेले, तेव्हा सूर्याच्या पूजेसाठी त्याने शाकद्वीपातून मग ब्राह्मण आणले, अशी कथा भविष्यपुराणात आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सूर्याच्या मूर्तीची प्रतिष्ठा मगांकडून करवावी असे सांगितले आहे. बिहारात त्यांचे वंशज शाकद्वीपी ब्राह्मण म्हणून आहेत. एकच शब्द, अथेन्सात शिवी, बेथलेहेमात ज्ञानी, आपल्याकडे पूज्य ब्राह्मण. दुसऱ्याच्या देवघरात आपल्याला जे कळत नाही त्याला जादू म्हणण्याची माणसाची खोड फार जुनी आहे.

ही खोड नुसती शब्दांपुरती असती तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. डाकिनी हा शब्द घ्या. तिबेटातल्या वज्रयान बौद्धांत डाकिनी म्हणजे ज्ञान देणारी देवता. त्यांच्या भाषेत तिचे नाव 'आकाशात संचार करणारी' अशा अर्थाचे आहे. तिच्या मूर्ती पूजेत आहेत. आणि नंदुरबारकडे सातपुड्याच्या वस्त्यांत डाकीण म्हणजे गावाने ठरवलेली बाई. मूल दगावले, गुरे मेली, की कोणीतरी तिचे नाव घेते. पुष्कळदा ती विधवा असते, एकटी असते, तिच्या ताब्यात थोडी जमीन असते. तिला मारहाण होते, गावाबाहेर काढतात, जीवही घेतात. आपल्या देशावरच्या गावांनी फार हसू नये. येथे चेटकीण म्हणतात एवढाच फरक.

दिनांक २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला. जादूटोण्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली होती. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. त्याच्या आधी आपल्यातल्या अनेकांना भीती वाटत होती की हा बडगा उद्या कीर्तनावर आणि वारीवर येईल, आणि विरोधही झाला. कायद्यात प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना स्पष्टपणे वगळले आहे. होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगायलाही मोकळीक ठेवली आहे. म्हणजे सरकारलाही नाम आणि जादू यांत भेद करावा लागला. तो भेद कायद्याच्या पुस्तकात लिहिला गेला याचा आनंद आहे. परंतु तो आमच्या कीर्तनांतून आधीच गावोगावी रुजलेला असता, तर पुस्तकाची गरज कमी पडली असती.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडळात १०४ वे सूक्त आहे. पाठशाळेत हे सूक्त राक्षसांचा नाश करणारे म्हणून शिकवतात. त्याच्या मध्यावर वसिष्ठ ऋषी एकदम शपथ घेऊ लागतात. मी यातुधान असेन, मी कोणा माणसाचा जीव जाळला असेल, तर मला आजच मरण येवो. आणि मला खोटेच यातुधान म्हणणारा आपल्या मुलाबाळांना मुको, अशा आशयाची ती शपथ आहे. वाचून अंगावर काटा येतो. म्हणजे वसिष्ठांवरही कोणीतरी तो आळ घेतला होता! ज्यांच्या कुळात मंत्र जन्मले, ज्यांचे नाव रघुवंशाचे कुलगुरू म्हणून घेतो, त्यांना कोणी जादूगार म्हटले आणि त्यांना देवापुढे उभे राहून स्वतःच्या मरणाची शपथ घ्यावी लागली. ते वसिष्ठ होते. त्यांची शपथ वेदात राहिली. सातपुड्यातल्या त्या बाईने हीच शपथ घेतली तर ती कोण लिहून ठेवणार? तिचे ऐकायलाही कोणी थांबत नाही.

यावर माझी आपल्या फडकऱ्यांना आणि कीर्तनकारांना एक सूचना आहे. सप्ताहासाठी ज्या गावी जायचे, त्या गावी एखाद्या बाईचे नाव असे घेतले जाते काय, याची आधी चौकशी करावी. नाथांनी महारवाड्यात जेवण घेतल्याची कथा आपण सांगतोच. तसे असेल तर यजमानांना सांगावे की पहिल्या दिवशीचे जेवण तिच्या घरी घ्यायचे आहे, तिच्या हातचे; आणि विणेकरी, टाळकरी, मृदंगवाला यांनीही बरोबर यावे, एकट्या महाराजांनी नव्हे. दोन भाकरी आणि पिठले पुष्कळ झाले.